‘पॅकिंग’ या शब्दाचा इतिहास

जुन्या इंजिनातून तेल गळू लागले की आपल्याकडचा मिस्त्री बहुधा एवढेच म्हणतो, “पॅकिंग गेलंय.” सुट्या भागांच्या छापील यादीत त्याच वस्तूला गॅस्केट म्हटलेले असते. वर्कशॉपातला हा शब्द अडाणीपणाचा समजण्याचे कारण नाही. यंत्रयुगाच्या आरंभापासूनचा इतिहास त्यात साठलेला आहे, आणि तो ठाऊक असणे जुने इंजिन बाळगणाऱ्याच्या उपयोगाचेही आहे.

इंग्लंडमध्ये थॉमस न्यूकोमेनने १७१२ मध्ये खाणीतले पाणी उपसणारे वाफेचे इंजिन उभारले. सिलिंडर आणि दट्ट्या यांमधली फट बुजवण्यासाठी त्याने चामड्याची चकती बसवली व तिच्यावर पाण्याचा थर ठेवला. जेम्स वॅटला, ज्याने १७६९ मध्ये आपल्या सुधारणेचे पेटंट घेतले, हा उपाय चालेना; कारण त्याची सारी बचत सिलिंडर गरम ठेवण्यावर अवलंबून होती. म्हणून चरबीत भिजवलेला वाख त्या फटीत ठासून भरण्यात येऊ लागला. हे ठासून भरणे म्हणजेच ‘पॅकिंग’. विहिरीवरच्या पंपाच्या ग्लँडमध्ये आजही जी दोरी भरतात, ती याच वाखाची वंशज होय.

जॉन विल्किन्सनच्या १७७४ च्या यंत्राने सिलिंडर पुष्कळच अचूक कोरता येऊ लागले. तरी पॅकिंगची गरज संपली नाही. धातूचा पृष्ठभाग कितीही घासला तरी त्यावर सूक्ष्म उंचवटे राहतातच. शिवाय उष्णतेने निरनिराळे भाग कमीअधिक प्रसरण पावतात. दोन कठीण वस्तूंच्या सांध्यात एखादी मऊ वस्तू लागते, ती यासाठी.

निकोलाउस ऑटोचे चार स्ट्रोकचे इंजिन १८७६ मध्ये आले; त्यात ज्वलन सिलिंडरच्या आतच होत असे. त्या उष्णतेपुढे वाख टिकणार नव्हता. पुढे हेडखाली तांब्याच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस घालून केलेले गॅस्केट रूढ झाले. तेलाच्या चेंबरला बुचाच्या लाकडाचे व झाकणांना जाड कागदाचे. फिरत्या शाफ्टचा प्रश्न मात्र अधिक बिकट होता. १९५८ ते २०१४ पर्यंत आपल्या रस्त्यांसाठी तयार होत राहिलेली ॲम्बॅसडर पाहा. तिच्या जुन्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनात क्रँकच्या मागील टोकाला रबरी सील नव्हतेच. शाफ्टवर कोरलेले आटे फिरता फिरता तेल आत ढकलत. इंजिन थांबले की हे काम थांबे आणि थेंब खाली पडे. तो दोष त्या रचनेतच होता.

शाफ्टच्या सीलचा समाधानकारक उपाय १९३० च्या दशकात जर्मनीतल्या फ्रॉयडेनबर्ग या चामडे कमावणाऱ्या कंपनीने पुढे आणला. स्प्रिंगने शाफ्टवर टेकणारी तिची सीलची कड प्रथम चामड्याची होती, नंतर कृत्रिम रबराची झाली. त्याच सुमारास अमेरिकेत स्थायिक झालेल्या नील्स क्रिस्टेन्सन या डॅनिश संशोधकाला ‘ओ-रिंग’चे पेटंट मिळाले (१९३९). तेव्हा त्याने सत्तरी ओलांडली होती.

या क्षुल्लक वस्तूंची किंमत कधी माणसांनी प्राणांनी चुकवली. ॲस्बेस्टॉसचे तंतू फुफ्फुसात जाऊन कर्करोग होतो हे सिद्ध झाल्यावर ब्रिटनने १९९९ मध्ये व युरोपीय संघाने २००५ पासून त्यावर बंदी घातली. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर यान कोसळून सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले, त्याचे कारण थंडीने लवचिकता गमावलेली ओ-रिंग हे होते.

आपल्या परिसराशी या कथेचा संबंध जवळचा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले; त्याच उद्योगकुलातून १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली. तिची डिझेल इंजिने शेताशेतांत पोहोचली. अशी जुनी इंजिने व मोटारी अद्याप ज्यांच्या घरी आहेत, त्यांना हा इतिहास काही गोष्टी सांगतो. जुने गॅस्केट ॲस्बेस्टॉसचे असू शकते. ते कोरडे खरवडू नये, ओले करून काढावे. रबर उष्णतेने कडक होते, बूच सुकते. ते बदलणे रास्तच. परंतु सीलच्या कडेने शाफ्टवर खाच पडली असेल, तर त्याच जागी बसवलेले नवे सीलही गळेल. रिंगा झिजल्या असतील किंवा ब्रीदर तुंबला असेल, तर आतला दाब चांगल्या पॅकिंगमधूनही तेल बाहेर काढील. झाकणाचे बोल्ट जोराने आवळल्यास पत्रा वाकतो आणि गळती वाढते.

म्हणून “पॅकिंग गेलंय” हे उत्तर ऐकल्यावर, ते का गेले, हा प्रश्न मिस्त्रीला अवश्य विचारावा. न्यूकोमेन आणि वॅट यांनाही तोच प्रश्न सोडवावा लागला होता, आणि त्याचे उत्तर मिळाल्यावाचून निव्वळ सुटा भाग बदलून गळती फार दिवस थांबत नाही.