सशाच्या डोळ्यात पीतबिंदू नसतो

मी जळगावात एम.एस्सी. करत होतो तेव्हा आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन धुळ्याला झालं. घरी सोडताना सिस्टरने बजावलं, "आजी, डोळा दुखला, दिसायला कमी झालं तर लगेच या. उद्यावर टाकू नका." ही भीती एंडॉफ्थॅल्मायटिसची, म्हणजे डोळ्याच्या आतल्या जंतुसंसर्गाची. शिरेतून दिलेलं औषध तिथे पुरेसं पोचत नाही, म्हणून अँटिबायोटिक थेट डोळ्यात टोचतात. पण जंतू मारणारं औषध दृष्टिपटलाला सोडेल कशावरून?

१९४४ मध्ये वॉन सॅलमन आणि सहकाऱ्यांनी सशांच्या डोळ्यात पेनिसिलिन टोचून पाहिलं. १९७० च्या दशकात पेमन यांच्या प्राण्यांवरील प्रयोगांतून जेंटामायसिनचा ०.४ मिलिग्रॅमचा डोस पुढे आला. मग १९८० च्या दशकात विचित्र रुग्ण दिसू लागले: संसर्ग गेला, पण नजरेचा मधला भागच गेला. पीतबिंदूजवळच्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडल्या होत्या.

काही ठिकाणी चूक डायल्यूशनची होती. बाटलीत १ मिलिलिटरला ४० मिलिग्रॅम औषध. ते पातळ न करता ०.१ मिलिलिटर टोचलं तर ४ मिलिग्रॅम, म्हणजे दसपट! पण बरोबर डोस दिलेल्या डोळ्यांतही इजा दिसली.

मग सशांमध्ये हे आधीच का दिसलं नाही? सशाला पीतबिंदूच नसतो, आणि त्याच्या दृष्टिपटलाच्या बऱ्याचशा भागात रक्तवाहिन्याही नसतात. शिवाय माणूस उताणा झोपला की पीतबिंदू सगळ्यात खाली येतो, औषध तिथेच साचू शकतं. ससा खोटं बोलला नव्हता. आपण त्याला जे विचारलं, त्याचंच उत्तर त्याने दिलं.

पण म्हणून ससा निरुपयोगी ठरत नाही. १९८५ मध्ये डॅमिको यांच्या गटाने सशांवरच या गटातली औषधं शेजारी ठेवून तपासली. जेंटामायसिन सर्वांत घातक निघालं, अमिकासिन बरंच सौम्य. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४२० रुग्णांच्या अमेरिकन चाचणीत व्हँकोमायसिन १ मिलिग्रॅम आणि अमिकासिन ०.४ मिलिग्रॅम वापरलं. पुढे अमिकासिनऐवजीही बऱ्याच ठिकाणी सेफ्टाझिडिम आलं.

सिनॉप्सिस लिहिताना "हे मॉडेल का निवडलं" एवढंच लिहून थांबू नका. त्याखाली एक ओळ आणखी लिहा: या मॉडेलमध्ये काय दिसूच शकणार नाही? ती ओळ गाइडला नाही सुचली, तरी तुम्हाला सुचली पाहिजे.