अभयपत्र

कोन्स्टान्सला उतरलात की आधी बंदरावर जा. स्टेशनच्या पाठीमागेच आहे. तिथे बोडेनझे तलावाच्या काठावर इम्पेरिया उभी आहे. नऊ मीटर उंच आणि चार मिनिटांत स्वतःभोवती एक गिरकी. तिच्या दोन्ही हातांवर एकेक उघडाबंब, खुजा पुरुष बसलाय. एकाच्या डोक्यावर राजमुकुट, दुसऱ्याच्या डोक्यावर पोपचा. बाल्झाकच्या कथेतल्या या गणिकेचा पुतळा पेटर लेंकने १९९३ साली इथे उभा केला. सगळे सेल्फी काढतात. मीही काढला.

मग मागे वळून बघा. उतरत्या छपराची ती दणकट इमारत १३८८ची. मूळचं व्यापाऱ्यांचं गोदाम. १४१४ ते १४१८ या काळात या गावात चर्चची महासभा भरली होती, कारण तेव्हा स्वतःला खरा पोप म्हणवणारे तिघे होते. (प्रॉडक्शनवर एकाच वेळी तीन आवृत्त्या चालू. आमच्या टीमला विचारा काय होतं ते.) अखेर नोव्हेंबर १४१७मध्ये याच गोदामात कार्डिनलांना कोंडून नवा पोप निवडला, मार्टिन पाचवा.

हे गाईड सांगतातच. मी मात्र अडकलो यान हुसपाशी.

प्रागचा हा धर्मोपदेशक चर्चमधल्या भ्रष्टाचारावर उघड बोलायचा. महासभेत बाजू मांडायला ये, सुरक्षित येशील आणि जाशील, असं अभयपत्र राजा सिगिस्मुंडने त्याला दिलं. ३ नोव्हेंबर १४१४ला हुस पोचला. महिना संपायच्या आत अटकेत. राजा आधी चिडला, पण महासभाच मोडेल या भीतीने गप्प बसला. पाखंड्याला दिलेला शब्द पाळायची गरज नाही, असा युक्तिवादही तयार होता. ६ जुलै १४१५ला कॅथेड्रलमध्ये शिक्षा सुनावली, त्याच दिवशी जिवंत जाळलं आणि राख ऱ्हाइनमध्ये सोडली. मागे काही उरायला नको म्हणून.

त्याला आधी ज्या बेटावरच्या मठात डांबलं होतं, तिथे आज महागडं हॉटेल आहे. झेपेलिन विमानवाला काउंट याच बेटावर जन्मला. गावाला ही ओळख सांगायला अर्थात जास्त आवडते.

जुन्या गावाच्या पश्चिमेला, साध्या घरांच्या वस्तीत, १८६२ साली ठेवलेली एक मोठी शिळा आहे. तिच्यावर हुसचं नाव, आणि पुढच्याच वर्षी जाळलेल्या प्रागच्या जेरोमचंही. मी गेलो तेव्हा तिथे दुसरं कोणी नव्हतं. समोरच्या गॅलरीत कपडे वाळत होते.

तिथून स्वित्झर्लंडची सीमा चालण्याइतकी जवळ. मधलं कुंपण २००६मध्ये काढलं. तरी ओलांडण्याआधी मी थांबलो आणि खिशातलं रेसिडेन्स कार्ड चाचपून पाहिलं.