वणवा आणि सरकारी तिजोरी

श्रोतेहो, वणवा काही आपल्याला नवा नाही. माळावरचं गवत पेटलं, की हिरव्या डहाळ्या घेऊन सारा गाव धावतो. पण डोंगरच्या डोंगर पेटले तर?

अमेरिकेत १९०५ साली सरकारी जंगलांसाठी वनखातं निघालं. पैसा देताना मात्र तिथल्या कायदेमंडळाचा हात आखडता. आयडाहो राज्याचे सिनेटर हेबर्न तर खात्याचे कट्टर विरोधक. वणवा लागला तो त्यांच्याच मुलखात! १९१० चा उन्हाळा कोरडा गेला. २० ऑगस्टला सोसाट्याचा वारा सुटला आणि दोन दिवसांत आयडाहो-मोंटानातलं सुमारे ३० लाख एकर रान जळालं. ऐंशीच्या वर माणसं गेली. बहुतेक सारे आग विझवायला आलेले रोजंदार.

एड पुलास्की या रेंजरनं चाळीसेक माणसं खाणीच्या बोगद्यात घातली. पळेल त्याला गोळी घालीन, म्हणून पिस्तूल घेऊन तो तोंडाशी उभा राहिला. पाच जण गेले, बाकीचे जगले. पुलास्कीचे डोळे मात्र भाजले.

१९११ साली कायदा झाला. वणव्याच्या बंदोबस्तासाठी राज्यांना केंद्राचा पैसा मिळू लागला. पुलास्कीच्या औषधपाण्याला मात्र सरकारनं काही दिलं नाही. डोळ्यांवरच्या उपचारासाठी त्यानं १९२३ साली त्या रात्रीची हकीकत एका निबंधस्पर्धेला धाडली. बक्षीस मिळालं, ५०० डॉलर.