प्रबंध आणि तंबोरा

संगीतशास्त्रातल्या पीएच.डी.साठी आज साधारणपणे पदव्युत्तर पदवीत ५५ टक्के गुण, प्रवेशपरीक्षा, किमान १२ श्रेयांकांचा अभ्यासक्रम, तो धरून निदान तीन वर्षांचा काळ, प्रबंध आणि तोंडी परीक्षा एवढे लागते. हे सारे कारकुनी वाटते. पण त्याचा गाभा विद्यापीठी नियमांहून जुना आहे. विष्णु नारायण भातखंडे वकील होते, संगीताची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. तरी त्यांनी संस्कृत ग्रंथ चाळले, १९०४ साली दक्षिणेचा दौरा केला, उस्तादांकडून चिजा मिळवून स्वरलिपीत उतरवल्या आणि ग्रंथातला राग गळ्यातल्या रागाशी ताडून पाहिला. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ त्यांनी मराठीत, गुरुशिष्यांच्या संवादातून मांडली. पुरावा, तुलना, प्रश्नोत्तर : प्रबंधाला आणखी काय हवे?

यावर आक्षेप ठरलेला : प्रबंध लिहून कोणी गवई होत नाही. खरे आहे, पण पदवी गवयाची नसून अभ्यासकाची आहे. घराण्याचा गुरू राग कसा गावा हे शिकवतो, तो तसा का ठरला हे शोधणे वेगळे काम. मात्र भातखंड्यांनी रागांच्या वर्गीकरणाची दहा थाटांची चौकट प्रत्यक्ष गायन ऐकून बसवली, हे विसरून चालणार नाही. म्हणून नियमांत भर घालायचीच, तर एकच घालावी : परीक्षकांसमोर प्रबंधाशेजारी तंबोराही असावा.