टोपी कोणाची, डोकं कोणाचं?

आमच्या घराण्यात नेमानं टोपी घालणारे शेवटचे गृहस्थ म्हणजे माझे आजोबा. काळी टोपी खुंटीवर दिसली की आजोबा घरात आहेत आणि खुंटी रिकामी असली की दंगा करायला हरकत नाही, एवढाच आम्हा नातवंडांचा टोपीशी संबंध. पुढे आम्ही कधी टोप्या घातल्या नाहीत. लोकांनी आम्हांला घातल्या, त्या वेगळ्या.

अशा बोडक्या परंपरेतला मी मागच्या मे महिन्यात भाच्याच्या लग्नाला गेलो. मिरवणूक भर उन्हात निघायची होती आणि नवरदेव अजून फेट्यात अडकले होते. कार्यालयाबाहेर बँडवाले ताटकळत उभे. लाल कोट, सोनेरी झालर आणि डोक्यावर उंच, कडक, तुरेवाली टोपी. साठीच्या घरातल्या क्लॅरनेटवाल्यांनी ती काढून कपाळ पुसलं. कपाळावर लाल वळ उठला होता. मला उगाच पोरकट हुक्की आली.

"मामा, जरा घालून बघू का?"

"बघा की सायेब. पण कानापतूर येईल."

आली. आत वर्तमानपत्राची घडी कोंबलेली होती, तरीही आली.

"मापाची नाही वाटतं तुमच्या?"

"मापाची कुठली? मालकानं एकदम वीस आणल्या. डोकी ज्यानं त्यानं आणायची!"

मिरवणूक संपली, पंगत उठली, जिलेबीसुद्धा पचली. पण हे वाक्य काही पचेना. कारण ती टोपी काही बँडच्या मालकांच्या सुपीक डोक्यातून निघालेली नव्हती. ती एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या रणांगणावरून निघाली आणि पलटणींच्या बँडबरोबर वाजतगाजत आपल्या मांडवाच्या दारी येऊन पोचली. घरी आल्यावर पुस्तकं उघडली, तेव्हा लक्षात आलं की त्या शतकातल्या फौजी टोप्यांचा सगळा इतिहास मामांनी एका वाक्यात सांगून टाकला होता. टोपी ठरवणारं डोकं एक आणि ती वागवणारं डोकं दुसरं!

या टोप्यांमधली थोरली म्हणजे शाको. मूळची हंगेरीतली. 1800 साली इंग्रजांनी ती आपल्या पायदळाला दिली आणि 1806 साली नेपोलियननं आपल्या. ज्यांनी न्हाणीघरातला तांब्याचा बंब पाहिला असेल त्यांना शाको समजावून सांगायची गरज नाही. बंबाचं धुराडं उचला, डोक्यावर ठेवा, पुढे एक कातडी झडप लावा, पितळी बिल्ला ठोका, वर तुरा खोचा, की झाला शाको. तिचा उपयोग काय? तर बुटका माणूस उंच दिसतो आणि शत्रू घाबरतो. आता शत्रूच्या डोक्यावरही तसलंच धुराडं असल्यामुळे दोघांनीही एकमेकांना सारखंच घाबरायचं, हा हिशेब कोणी मांडलेला दिसत नाही. गोळीला मात्र या टोपीचा काडीचा अडथळा नव्हता.

अस्वलाच्या कातड्याची उंच टोपी हे त्याच्या पुढचं प्रकरण. 1815 च्या वॉटर्लूच्या लढाईत इंग्रजांच्या पहिल्या फूट गार्ड्‌स पलटणीनं नेपोलियनच्या खास रक्षकदलाला मागे रेटलं. बक्षीस म्हणून तिला 'ग्रेनेडियर गार्ड्‌स' हे नाव मिळालं आणि हरलेल्या फ्रेंच ग्रेनेडियरांची अस्वली टोपीही मिळाली. पुढे इतिहासकारांनी कागद तपासले. त्या दिवशी त्यांच्यासमोर जे फ्रेंच होते ते बहुतेक ग्रेनेडियर नव्हतेच, शास्युर नावाचे दुसरेच शिपाई होते! पण एकदा डोक्यावर बसलेलं अस्वल खाली कोण उतरवणार? लंडनला राजवाड्यापुढे ते अजून पहारा देतं आहे.

राजेलोकांना तर टोप्यांचा भारीच नाद. 1843 साली व्हिक्टोरिया राणीच्या यजमानांनी, म्हणजे प्रिन्स आल्बर्टनी, पायदळासाठी एक टोपी सुचवली. 'पंच' या विनोदी साप्ताहिकानं तिची अशी यथेच्छ टोपी उडवली की ती मागे घ्यावी लागली आणि दुसरी, जरा माणसांत बसणारी, आणावी लागली. त्याच्या आदल्याच वर्षी प्रशियाचा राजा चौथा फ्रेडरिक विल्यम यानं आपल्या फौजेला कमावलेल्या चामड्याचं, डोक्यावर सुळका असलेलं शिरस्त्राण दिलं. हाइने या जर्मन कवीनं लगेच काळजी व्यक्त केली की वादळात या सुळक्यावर वीज पडली तर काय घ्या!

वीज पडली ती भलत्यांवरच. 1870-71 च्या युद्धात प्रशियानं फ्रान्सला लोळवलं. तोवर जगभरच्या फौजा फ्रेंचांची चपटी 'केपी' डोक्यावर मिरवत होत्या. आता सगळ्यांची नजर त्या सुळक्याकडे गेली. अमेरिकेनं 1872 साली आपल्या घोडदळाला आणि 1881 साली पायदळाला तसली शिरस्त्राणं दिली. इंग्रजांनी 1878 साली आपल्या पायदळाला. प्रशिया जिंकला तो पोलादी तोफांच्या आणि रेल्वेच्या वेळापत्रकाच्या जोरावर. पण पहिल्या आलेल्या मुलाला 'बाळ, पेन कुठलं वापरतोस रे?' असं विचारून संध्याकाळी तेच पेन घरी आणणारे पालक आपण पाहतोच. सरकारंही शेवटी पालकच.

मग त्या टोप्यांखालच्या डोक्यांनी काय केलं? जमेल तशी वाट काढली. 1857 च्या धामधुमीतले इंग्रज सेनापती हॅवलॉक यांच्या नावानं टोपीवरचा एक पांढरा अभ्रा प्रसिद्ध झाला. मागे मानेवर लोंबणारं फडकं, उन्हापासून बचावासाठी. 1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तेव्हा तिथल्या आयाबहिणींनी ढिगांनी 'हॅवलॉक' शिवून आघाडीवर पाठवले. शिपायांनी ते आनंदानं घेतले आणि त्यांतून कॉफी गाळली. उरलेल्यांनी बंदुका पुसल्या. घरून आलेल्या स्वेटरचं होस्टेलवरची मुलं जे करतात तेच.

इथपर्यंत हसायला ठीक आहे. पण पुस्तक उलटता उलटता वेल्लोरचं पान आलं आणि मी हसायचा थांबलो.

इंग्रज, फ्रेंच, पोर्तुगीज या सगळ्यांचं आपल्या जुन्या कागदांतलं नाव 'टोपीकर'. म्हणजे टोपी हीच त्यांची जात, धर्म आणि पत्ता. मद्रासच्या फौजेचे सरसेनापती सर जॉन क्रॅडक यांना एवढी एक गोष्ट कोणीतरी सांगायला हवी होती. नोव्हेंबर 1805 मध्ये नवे नियम निघाले. हिंदी शिपायांनी कवायतीला येताना गंध लावायचं नाही, कानात बाळी घालायची नाही, दाढी ठेवायची नाही. आणि जोडीला नवी पगडी. घाट साहेबाच्या टोपीचा आणि वर चामड्याचं फूल. चामडं कुठल्या जनावराचं, हा प्रश्न हिंदूनं आणि मुसलमानानं वेगवेगळ्या धास्तीनं विचारला. आज टोपी, उद्या धर्म, असं शिपायांना वाटलं. त्यांनी पगडी नाकारली. त्यांतल्या एका हिंदूला आणि एका मुसलमानाला फटके मारून नोकरीवरून काढलं. विषय संपला, असं कचेरीत सगळ्यांना वाटलं असावं.

10 जुलै 1806 च्या रात्री वेल्लोरच्या किल्ल्यातले शिपाई उठले. किल्ल्यात टिपू सुलतानाचे मुलगे नजरकैदेत होते, त्यामुळे जुना रागही होताच. पण ठिणगी पडली ती पगडीची. शंभराहून जास्त गोरे शिपाई आणि अधिकारी मारले गेले. सकाळी अर्काटहून गिलेस्पी घोडदळ घेऊन आला आणि काही तासांत किल्ला परत घेतला. सुमारे शंभर शिपायांना भिंतीशी उभं करून गोळ्या घातल्या. एकंदर साडेतीनशेच्या आसपास शिपाई मेले असा अंदाज आहे.

मग हुकूम मागे घेतला. क्रॅडक आणि मद्रासचे गव्हर्नर बेंटिंक या दोघांना परत बोलावलं. होय, 1829 साली सतीबंदी केली म्हणून आपण शाळेत ज्यांना पाच मार्कांसाठी पाठ केलं, तेच हे बेंटिंक. त्यांना पुढे गव्हर्नर जनरलची मोठी खुर्ची मिळाली. थोडक्यात, साहेबांच्या नोकऱ्या गेल्या आणि परत आल्या. शिपायांची डोकी गेली ती गेलीच. आणि धडा? 51 वर्षांनी काडतुसांच्या चरबीवरून तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला.

गंमत अशी की त्या शतकातल्या या इतक्या टोप्यांमध्ये शिपायाचं डोकं खरोखर वाचवणारी शोधून सापडत नाही. 1914 साली फ्रेंच शिपाई पहिल्या महायुद्धात उतरला तो कापडी केपी घालूनच. तोफगोळ्यांच्या कपच्यांनी डोकी फुटायला लागली, तेव्हा 1915 साली कुठे फ्रेंचांचं आणि मागोमाग इंग्रजांचं पोलादी शिरस्त्राण आलं. जर्मनांचं 1916 साली. बसकं, बिनतुऱ्याचं, उपडं पातेलंच म्हणा ना. टोपीच्या आत डोकं असतं हे लक्षात यायला शंभरावर वर्षं लागली.

मामांचं सांगायचं राहिलंच. मिरवणूक संपल्यावर त्यांनी टोपी काढली, डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि पंगतीला येऊन बसले. टोपी शेजारच्या खुर्चीवर. मी पानासाठी जागा शोधत होतो. म्हटलं, "मामा, ही जागा धरलीय का कुणी?"

"न्हाई वो, बसा," असं म्हणून त्यांनी टोपी उचलून खुर्चीखाली सरकवली. "तिला कुठं भूक लागतीया!"