मंडळी आणि तिचे भवितव्य

व्यासपीठावर उभा राहिलेला वक्ता समोर बसलेल्या लोकांना सहजच ‘मंडळी’ म्हणून हाक मारतो. याच शब्दाला मराठी प्रॉटेस्टंट ख्रिस्ती समाजात एक विशेष अर्थ आहे. आपण ज्याला ‘चर्च’ म्हणतो, त्याला मराठी बायबलात ‘मंडळी’ म्हटले आहे. चर्च म्हणजे प्रथमतः इमारत नव्हे, तर एकत्र जमलेली माणसे, हे त्या शब्दाने एका झटक्यात सांगून टाकले आहे.

पण माणसे एकत्र जमली, की एक अवघड प्रश्न उभा राहतो. आपले उद्याचे रूप काय असावे, हे या सर्वांनी मिळून ठरवायचे कसे? राजा ठरवतो तेव्हा फर्मान निघते. विधिमंडळ ठरवते तेव्हा हात मोजले जातात. परंतु जेथे प्रत्येकाने आपली श्रद्धा सदसद्विवेकबुद्धीला साक्षी ठेवून स्वीकारलेली आहे, तेथे एक्कावन्नांनी एकोणपन्नासांवर मात केली, तर तो निर्णय म्हणावा काय? ‘पाचामुखी परमेश्वर’ असेही आपण म्हणतो आणि ‘बारभाईची खेती, काय लागेल हाती’ असेही आपणच म्हणतो. या दोन म्हणींमधील अंतर एका समाजाने कसे कापले, त्याची हकीकत आज आपल्यापुढे ठेवावयाची आहे. तिचे तीन मुक्काम आहेत : १९१९ साली तरंगंबाडी, १९४७ साली मद्रास आणि १९७० साली आपले नागपूर.

प्रथम एक खुलासा केला पाहिजे. वसई-गोव्याकडील कॅथलिक समाजाचा इतिहास निराळा आणि फार जुना आहे. येथे प्रश्न आहे तो प्रॉटेस्टंट मंडळ्यांचा. या मंडळ्या अनेक पंथांत विभागलेल्या होत्या, आणि ते पंथ येथे उगवलेले नव्हते. १८१३ साली गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईस उतरले. त्यांच्या मिशनने पुढे १८३१ साली अहमदनगरास ठाणे दिले, म्हणून नगरकडील मंडळ्या काँग्रिगेशनल झाल्या. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४५ साली नागपुरास आला, म्हणून तेथे प्रेसबिटेरियन परंपरा रुजली. नाशकाजवळ शरणपूरची वसाहत इंग्लंडच्या चर्चशी संबंधित मिशनने उभारली, म्हणून तिकडचे लोक अँग्लिकन. एकमेकांच्या शेतात नांगर घालू नये म्हणून पुढे मिशनांनी आपापसांत मुलूख वाटून घेतला. हेतू चांगला होता. परिणाम मात्र असा झाला, की माणूस कोणत्या पंथाचा, हे त्याच्या विचारावरून ठरण्याऐवजी त्याच्या तालुक्यावरून ठरू लागले. सोळाव्या आणि सतराव्या शतकांत युरोपात झालेली भांडणे गोदावरीच्या काठी वतनासारखी वारसाहक्काने चालत आली!

ही विसंगती मराठी माणसाच्या ध्यानात आली नव्हती असे नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे १८९५ साली ख्रिस्ती झाले. मिशनच्या चौकटीत त्यांनी अनेक वर्षे काम केले. परंतु त्यांचे मन त्या चौकटीत मावेना. त्यांनी ख्रिस्ती उपासनेला अभंगाचे आणि कीर्तनाचे वळण दिले. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ या नावाने एक बंधुसंघ कल्पिला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त एकत्र बसावेत, अशी त्यांची योजना होती. तो दरबार नीट भरण्यापूर्वीच, ९ मे १९१९ रोजी, टिळक निवर्तले. संस्था म्हणून ती कल्पना टिकली नाही. त्यांची पदे मात्र पंथापंथांच्या कुंपणांवरून सहज उड्या मारून गेली. जे लोक एका बिशपला मानीत नव्हते, ते एकच पद एका सुरात गाऊ लागले. ही गोष्ट लहान नव्हे, हे आपल्याला पुढे दिसेल.

टिळकांच्या निधनापूर्वी अवघा एक आठवडा, १ व २ मे १९१९ रोजी, दूर तमिळ किनाऱ्यावर तरंगंबाडी येथे तेहतीस माणसे जमली होती. तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यालगत असलेले हे डॅनिश ठाणे. येथेच १७०६ साली हिंदुस्थानातील पहिले प्रॉटेस्टंट मिशनरी उतरले होते. आता जमलेले लोक मात्र, एकदोघे वगळता, सर्व हिंदी होते. त्यांत अग्रणी होते वेदनायगम सॅम्युएल अझरिया. १९१२ साली ते दोर्णकलचे बिशप झाले होते. अँग्लिकन चर्चचे ते पहिले हिंदी बिशप. त्यापूर्वी १९१० साली एडिंबरो येथील जागतिक मिशनरी परिषदेत त्यांनी गोऱ्या मिशनऱ्यांना तोंडावर सांगितले होते, की तुम्ही आम्हांला पुष्कळ दिलेत, आता मैत्री द्या. अशा माणसाच्या पुढाकाराने तरंगंबाडीचे निवेदन निघाले. त्याचा आशय असा : हे भेद आम्ही निर्माण केलेले नाहीत, ते आमच्यावर बाहेरून लादले गेले, त्यांच्यामुळे आम्ही दुबळे झालो आहोत, म्हणून आम्हांला एक व्हावयाचे आहे.

दोन दिवसांत निवेदन निघाले. ते प्रत्यक्षात यावयास अठ्ठावीस वर्षे लागली. एवढा काळ कशास? मुख्य गाठ होती बिशपची. अँग्लिकन मत असे, की बिशपच्या हातून दीक्षा मिळाली तरच पाळक यथाविधि पाळक होतो. आपल्याकडे गुरुपरंपरेची जी महती आहे, तिच्याशी हे ताडून पाहावे. प्रेसबिटेरियन म्हणत, की अधिकार एका माणसाचा नव्हे, पाळकांच्या आणि वडिलांच्या पंचायतीचा. काँग्रिगेशनल म्हणत, की प्रत्येक गावची मंडळी आपल्या जागी स्वतंत्र आहे. एक पक्ष व्यक्तीचा, दुसरा पंचांचा, तिसरा गावसभेचा! चर्चेअंती असे ठरले, की तिघांनाही जागा द्यावी. बिशप असावेत, पण ते निवडलेले आणि घटनेने बांधलेले असावेत. पंचायती असाव्यात. गावच्या मंडळीचा मानही राहावा. जे आज पाळक आहेत त्यांना पुन्हा दीक्षा घ्यावयास लावू नये. यापुढील दीक्षा मात्र बिशपच्या हातून व्हावी. जुने आणि नवे यांचा मेळ बसण्यास तीस वर्षांची मुदत ठेवण्यात आली. शिवाय, कोणत्याही मंडळीवर तिच्या विवेकाला न रुचणारा पाळक किंवा उपासनाविधी लादला जाणार नाही, असे वचन परस्परांना देण्यात आले. या सर्व व्यवस्थेचा प्राण त्या वचनात होता असे मला वाटते.

स्वातंत्र्यानंतर सहा आठवड्यांनी, २७ सप्टेंबर १९४७ रोजी, मद्रासच्या सेंट जॉर्ज कॅथीड्रलमध्ये ‘चर्च ऑफ साउथ इंडिया’ची स्थापना झाली. अँग्लिकन, मेथॉडिस्ट आणि प्रेसबिटेरियन-काँग्रिगेशनल अशा तिन्ही धारा एकत्र आल्या. बिशपची परंपरा मानणारे आणि न मानणारे अशा रीतीने एका चर्चमध्ये यावेत, ही गोष्ट अपूर्व होती. तिची किंमतही द्यावी लागली. दक्षिणेतील अँग्लिकनांना आपल्या जगभरच्या कुटुंबातून बाहेर पडावे लागले. नंद्याळ भागातील अँग्लिकन मंडळ्या नव्या चर्चच्या बाहेरच राहिल्या. आणि अझरिया? ते १ जानेवारी १९४५ रोजीच वारले होते. ज्याने रोप लावले त्याला सावली मिळाली नाही.

उत्तरेकडील वाटाघाटी १९२९ साली सुरू झाल्या. महाराष्ट्रातील मंडळ्यांचा संबंध येतो तो येथे. प्रेसबिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या १९२४ सालीच ‘युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया’त एक झाल्या होत्या. परंतु उत्तरेत बॅप्टिस्ट आणि ब्रेदरनही चर्चेत होते, त्यामुळे दुसरी गाठ पडली. काही मंडळ्या तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा देतात. काहींच्या मते माणसाने जाणता होऊन, स्वतःच्या तोंडाने श्रद्धा कबूल करूनच तो घ्यावा. हा मतभेद वरवरचा नव्हता. त्यापायी युरोपात माणसांचे प्राण गेलेले आहेत. येथे तडजोड अशी झाली, की दोन्ही रीती एकाच चर्चमध्ये ग्राह्य मानाव्यात. पाळकांच्या दीक्षेबाबतही निराळा मार्ग निघाला. आरंभीच सर्व परंपरांच्या प्रतिनिधींनी एकमेकांच्या मस्तकावर हात ठेवून प्रार्थना करावी. कोणाचे उणे किती, हे देवावर सोपवावे.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरास, ऑल सेंट्स कॅथीड्रल येथे, सहा चर्चे मिळून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ झाले. सातवे येणार होते. पण अमेरिकन परंपरेच्या मेथॉडिस्टांनी अवघे तीन-चार महिने आधी माघार घेतली. गंमत अशी, की पाकिस्तानात त्याच महिन्याच्या १ तारखेस जे संयुक्त चर्च स्थापन झाले, त्यात मेथॉडिस्ट सामील होते.

येथे कथा संपवली तर ती गोड होईल, परंतु खरी होणार नाही. ऐक्य झाले तरी जातीचा पीळ सुटला नाही. मालमत्तेचे वाद कचेऱ्यांत गेले. गुजरातेतील ब्रेदरन मंडळीच्या मालमत्तेचा तंटा सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. नुसता विलीनीकरणाचा ठराव पुरत नाही, संस्थांच्या आणि न्यासांच्या कायद्याप्रमाणे रीतसर कृती व्हावी लागते, असा निकाल न्यायालयाने २०१३ साली दिला. नागपूरच्या सोहळ्याला तेव्हा त्रेचाळीस वर्षे झाली होती! प्रार्थनेत जे एक झाले होते, ते दप्तरात दोनच राहिले होते.

मग या अर्धशतकाच्या खटाटोपाचे फलित काय? मला दोन गोष्टी दिसतात. पहिली ही, की या लोकांनी मतभेद असणाऱ्याला हरवण्याऐवजी त्याच्यासाठी वाट पाहिली. आराखडे लिहिले, गावोगावच्या समित्यांकडे धाडले, परत आलेले आक्षेप वाचले आणि पुन्हा लिहिले. बहुमत त्यांना लवकर मिळाले असते. पण त्यांना बहुमत नको होते, मंडळी हवी होती. दुसरी गोष्ट त्यांच्या उणिवेतून दिसते. बिशपविषयीची ती सूक्ष्म चर्चा बव्हंशी इंग्रजीत आणि शिकलेल्यांत झाली. खेड्यातल्या ख्रिस्ती माणसाचे प्रश्न निराळे होते : पाऊस, शाळा, पाळकाचा पगार आणि विहिरीवरची शिवाशिव. जेथे त्याचे प्रश्न ऐक्याच्या आराखड्यात उतरले नाहीत, तेथे ऐक्य कागदावर राहिले. टिळकांचे पद त्याच्या भाषेत होते, म्हणून ते त्याने आपले मानले.

आपल्याही संस्था आहेत : वाचनालये, शिक्षणसंस्था, सहकारी सोसायट्या. वार्षिक सभेत ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर करून घेणे आपल्याला चांगले साधते. पुढच्या सभेत असा ठराव येईल, तेव्हा मागच्या रांगेतला जो सभासद गप्प बसला आहे त्याला, हात मोजण्यापूर्वी, एक प्रश्न विचारून पाहावा. त्याचे उत्तर ऐकण्यात सभा लांबली, तरी चालेल.