बँकेने कापलेला कर आणि ज्येष्ठांचे विवरणपत्र

पेन्शन आणि मुदत ठेवींच्या व्याजावर घर चालविणाऱ्या आपल्या अनेक ज्येष्ठ बंधुभगिनींच्या पासबुकात दर वर्षी एक नोंद आढळते : व्याजातून प्राप्तिकर कापला. ‘बारा लाखांपर्यंत कर नाही असे सांगितले होते, मग हे पैसे कोठे गेले?’ असा प्रश्न आम्हांला वारंवार विचारला जातो. हे पैसे सरकारकडे आगाऊ जमा झालेले असतात. हिशेबाअंती कर निघत नसेल तर ते परत मिळतात. मात्र त्यासाठी प्राप्तिकराचे विवरणपत्र भरावे लागते.

या लेखातील आकडे 1 एप्रिल 2025 ते 31 मार्च 2026 या आर्थिक वर्षातील उत्पन्नाचे आहेत. प्राप्तिकराचा 2025 चा कायदा त्यापुढील उत्पन्नासाठी आहे. या वर्षाच्या विवरणपत्रास 1961 चाच कायदा लागू होतो.

नव्या करप्रणालीत पहिल्या 4 लाखांवर कर नाही. 4 ते 8 लाखांच्या टप्प्यावर 5 टक्के, 8 ते 12 लाखांच्या टप्प्यावर 10 टक्के, आणि असे चढत जाऊन 24 लाखांपुढे 30 टक्के असे दर आहेत. करपात्र उत्पन्न 12 लाखांच्या आत असल्यास 60,000 रुपयांपर्यंतची करसूट मिळून कर शून्य होतो. विवरणपत्र भरण्याचे बंधन मात्र उत्पन्न 4 लाखांवर गेले की लागू होते, कर शून्य असला तरीही. परदेशातील मुलाबाळांना भेटण्यासाठी वर्षभरात 2 लाखांहून अधिक प्रवासखर्च केला असेल, तर उत्पन्न त्याहून कमी असतानाही ते भरावे लागते. जमीन विकून झालेल्या भांडवली नफ्यावरील करास ही करसूट नाही, हे आपल्या वसईच्या पट्ट्यात विशेष ध्यानी ठेवावे.

एक उदाहरण घेऊ. 68 वर्षांच्या निवृत्त शिक्षिकेस वर्षाला 4,80,000 रुपये पेन्शन आणि एकाच बँकेतून 1,20,000 रुपये व्याज मिळते. ज्येष्ठ नागरिकाचे व्याज 1 लाखावर गेल्याने बँकेने 10 टक्के दराने 12,000 रुपये कापले. एकूण उत्पन्न 6,00,000. पेन्शनवरील 75,000 रुपयांची प्रमाणित वजावट जाता 5,25,000. त्यावर 6,250 रुपये कर होतो व करसुटीने तोही उरत नाही. म्हणजे 12,000 रुपये पूर्ण परत मिळावयास हवेत. वर्षाच्या आरंभीच बाईंनी 15एच हा अर्ज बँकेत दिला असता, तर ते कापलेच गेले नसते.

सर्वाधिक हानी होते ती विधवा भगिनींची. संयुक्त ठेवीत पहिले नाव पतीचे असेल, तर कापलेला कर त्याच्याच पॅनवर नोंदला जातो. पतीच्या निधनानंतर बँकेस न कळविल्यास ही नोंद तशीच चालू राहते आणि पत्नीच्या 26एएस या विवरणात एक रुपयाही दिसत नाही. म्हणून मृत्यूचा दाखला बँकेत लवकर द्यावा व ठेव स्वतःच्या नावे, स्वतःच्या पॅनसह करून घ्यावी. दिवंगत पतीचे निधनाच्या दिवसापर्यंतचे उत्पन्न त्याचेच मानले जाते. त्याचे विवरणपत्र, व त्यावरील परतावाही, पत्नीने संकेतस्थळावर कायदेशीर वारस म्हणून नोंदणी करून मागावा. कुटुंब निवृत्तिवेतनास 75,000 ची वजावट नाही. तेथे एक तृतीयांश किंवा 25,000 रुपये, यांपैकी कमी असेल ती रक्कम वजा होते. शोकाच्या दिवसांत हे व्यवहार नकोसे वाटतात, हे आम्ही जाणतो. घरातील एखाद्या तरुणाने ते अंगावर घ्यावेत.

जुनी करप्रणाली अद्याप निवडता येते. 80सी खाली 1,50,000, ज्येष्ठांच्या आरोग्य विम्याचे 50,000, ज्येष्ठांच्या बँक व्याजाचे 50,000, राहत्या घराच्या कर्जावरील 2 लाखांपर्यंतचे व्याज या वजावटी तेथे आहेत. परंतु करसूट 5 लाखांपर्यंतच असल्याने बहुतेक पेन्शनरांना ती लाभत नाही.

देणग्यांविषयी गैरसमज फार. 80जी ची वजावट केवळ जुन्या प्रणालीत मिळते, आणि तीही नोंदणीकृत धर्मादाय संस्थेस दिलेल्या देणगीवर. रोख दिल्यास 2,000 रुपयांपर्यंतचीच देणगी धरली जाते; संस्थेकडून 10बीई हे प्रमाणपत्र घ्यावे. सणाची वर्गणी, मिस्सादान वा धर्मग्रामाचा मासिक वाटा यांत बसत नाही. तशी पावती आमच्याकडे मागू नये, ही नम्र विनंती.

साध्या पेन्शनरांसाठी कायद्याने ठरलेली मुदत 31 जुलै आहे. ती चुकल्यास 31 डिसेंबरपर्यंत विवरणपत्र भरता येते. मात्र विलंबशुल्क 5,000 रुपये, आणि उत्पन्न 5 लाखांपर्यंत असल्यास 1,000 रुपये पडते. जुनी प्रणालीही मग निवडता येत नाही. विवरणपत्र पाठविल्यावर 30 दिवसांच्या आत आधारशी जोडलेल्या मोबाईलवरील ओटीपीने त्याची पडताळणी करावी. ती राहिल्यास विवरणपत्र भरलेच नाही असे धरले जाते. परतावा पॅनशी जोडलेल्या आपल्याच बँक खात्यात जमा होतो. दूरध्वनीवर ओटीपी किंवा खाते क्रमांक विचारणाऱ्यास काहीही सांगू नये.